तीनशेचे साडेचारशे

२४ ऑगस्ट १९९८ या एकाच दिवशी इंटेलने दोन प्रोसेसर बाजारात आणले. एक होता पेंटियम टू, वेग ४५० मेगाहर्ट्झ, घाऊक किंमत ६६९ डॉलर. दुसरा होता सेलेरॉन ३००ए, वेग ३०० मेगाहर्ट्झ, घाऊक किंमत १४९ डॉलर. ज्याची ऐपत आहे त्याने पहिला घ्यावा, ज्याला हिशेब करून राहायचे आहे त्याने दुसऱ्यावर समाधान मानावे, अशी ही सरळ वाटणी होती. पण थोड्याच दिवसांत जगभरच्या हौशी मंडळींच्या लक्षात आले, की हा दीडशे डॉलरचा प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झनेही पळतो. नुसता पळतो असे नाही, तर दिवसचे दिवस तक्रार न करता पळतो, आणि खेळांमध्ये तर त्या महागड्या भावाच्या खांद्याला खांदा लावून पळतो.

प्रोसेसरला त्याच्यावर छापलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणे याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. आज हा शब्द ऐकला की काचेच्या खोक्यातले रंगीबेरंगी दिवे, पाण्याने थंड होणारी यंत्रणा आणि हजारो डॉलरचा खर्च डोळ्यांसमोर येतो. मुळात मात्र हा खिशाला कात्री लागलेल्या लोकांचा उद्योग होता. सुटे भाग आणून घरी कॉम्प्युटर जोडायचा आणि त्यातल्या स्वस्त भागाकडून महाग भागाचे काम करून घ्यायचे, एवढाच त्यामागचा हेतू. या उद्योगाचा इतिहास पाहताना एक प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो: वस्तूवर छापलेला आकडा तिच्या कुवतीवरून ठरतो, की विकणाऱ्याच्या सोयीवरून? आणि पैसे मोजून वस्तू घरी आणल्यावर तिच्यातली उरलेली कुवत कोणाची?

ताशाचा ठोका

आधी हा वेग म्हणजे काय ते पाहू. मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला दहा लाख ठोके. ढोल-ताशाच्या पथकात जसे सगळे जण ताशाच्या ठोक्यावर हात चालवतात, तसे प्रोसेसरमधले लाखो ट्रान्झिस्टर एका ठोक्यावर काम करतात. हा ठोका मिळतो मदरबोर्डवर बसवलेल्या क्वार्ट्झच्या छोट्याशा स्फटिकापासून. ताशेवाल्याने लय वाढवली की पथकाला वेग वाढवावा लागतो. पण पथकातला सर्वांत मंद माणूस जिथे चुकू लागतो, तिथे पथकाची मर्यादा येते. प्रोसेसरचेही तसेच. ठोका वाढवत नेला की एका टप्प्यावर आतला एखादा मार्ग वेळेत काम पुरे करू शकत नाही, मग हिशेब चुकतो आणि मशीन थिजते.

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला पहिला पीसी आणला तेव्हा त्याचा वेग होता ४.७७ मेगाहर्ट्झ. आत इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर होता आणि तो ५ मेगाहर्ट्झसाठी मान्य केलेला होता. मग ४.७७ हा विचित्र आकडा आला कुठून? त्याचे उत्तर अमेरिकन रंगीत टीव्हीत आहे. पीसीचे चित्र टीव्हीवर दाखवता यावे यासाठी टीव्हीच्या रंगसंकेताच्या चौपट, म्हणजे १४.३१८ मेगाहर्ट्झचा स्फटिक बोर्डवर बसवला होता. त्याच स्फटिकाच्या ठोक्याला तिनाने भागून प्रोसेसरचे काम भागवले गेले. थोडक्यात, पहिल्याच पीसीच्या वेगाचा आकडा दुसऱ्याच कुठल्या तरी सोयीने ठरला होता.

याच पीसीने घरी कॉम्प्युटर जोडण्याचा मार्गही मोकळा केला. आयबीएमने तो बाजारात मिळणाऱ्या भागांपासून बनवला होता. खास त्यांची म्हणावी अशी महत्त्वाची गोष्ट एकच होती, ती म्हणजे बायॉस, मशीन चालू होताना पहिल्यांदा जागा होणारा प्रोग्रॅम. १९८२ मध्ये कॉम्पॅकने मूळ प्रोग्रॅमकडे न पाहता, केवळ तो काय काम करतो एवढ्यावरून आपला स्वतंत्र बायॉस लिहून घेतला. पुढे १९८४ पासून फिनिक्स ही कंपनी असा बायॉस कुणालाही विकू लागली. मग तैवानपासून टेक्ससपर्यंत कुणीही आयबीएमसारखा पीसी बनवू लागले, आणि काही वर्षांत कोणीही सुटे भाग आणून तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर जोडू लागले.

१९८४ मध्ये आयबीएमने पीसी एटी आणला. हार्ड डिस्कसह त्याची किंमत पाच हजार डॉलरच्या वर जात होती. त्यात ८०२८६ हा प्रोसेसर ६ मेगाहर्ट्झने चालत असे. त्याचा ठोका १२ मेगाहर्ट्झच्या स्फटिकाला दोनाने भागून मिळायचा, आणि तो स्फटिक बोर्डवर डाख देऊन पक्का केलेला नव्हता, खोबणीत बसवलेला होता. लोकांनी तो उपटून तिथे १६ किंवा १८ मेगाहर्ट्झचा स्फटिक बसवला. काही डॉलरच्या तुकड्याने मशीन ८ किंवा ९ मेगाहर्ट्झने धावू लागले. यावर आयबीएमने काय करावे? पुढच्या बायॉसमध्ये वेग तपासणारी अट घातली. मशीन ६ मेगाहर्ट्झपेक्षा जोरात चालते आहे असे दिसले की ते सुरू व्हायलाच नकार देई. नंतर ८ मेगाहर्ट्झचे अधिकृत मॉडेल विक्रीला आले. पुढच्या तीस वर्षांचा सगळा खेळ या एका प्रसंगात दिसतो. ग्राहकाला फट सापडते, कंपनी ती बुजवते, आणि मग तीच गोष्ट वेगळ्या नावाने विकायला काढते.

आंब्याची प्रतवारी

आता कारखान्यात डोकावू. सिलिकॉनच्या एका गोल चकतीवर शेकडो प्रोसेसर एकाच वेळी कोरले जातात. चकती एक, रसायने एक, भट्टी एक, तरी सगळे तुकडे सारखे निघत नाहीत. एकाच कलमावरचे हापूस जसे सारखे नसतात, तसेच हे. मग प्रत्येक तुकड्याची चाचणी होते आणि प्रतवारी लागते: हा ४५० ला टिकला, हा ४०० ला, हा ३०० लाच. इथपर्यंत आकडा कुवतीवरून ठरतो आणि त्याबद्दल कुणाची तक्रार असायचे कारण नाही.

गंमत पुढे आहे. कारखान्याचा हात बसला की पीक सुधारते. बहुतेक सगळेच तुकडे वरच्या प्रतीचे निघू लागतात. पण बाजाराला सगळा माल वरच्या प्रतीचा नको असतो. हजार महागडे प्रोसेसर खपत असतील तर पाच हजार स्वस्त खपतात. आंब्याच्या व्यापाऱ्याकडे सगळी फळे एक नंबरची आली आणि गिऱ्हाईक मात्र तीन नंबरच्या पेट्या मागू लागले, तर तो काय करेल? एक नंबरचे आंबे तीन नंबरच्या पेटीत भरेल. मात्र एक नंबरची पेटी स्वस्त करणार नाही, कारण मग तिला जास्त पैसे द्यायला तयार असलेले गिऱ्हाईकही कमीच देईल. प्रोसेसरच्या कंपन्यांनीही तेच केले.

याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण १९९१ चे आहे. इंटेलने ४८६एसएक्स नावाचा स्वस्त प्रोसेसर काढला. तो मूळचा ४८६डीएक्सच होता, फक्त त्यातला अपूर्णांकांची गणिते करणारा भाग बंद केलेला होता. ज्यांना पुढे तो भाग हवासा वाटे, त्यांच्यासाठी ४८७एसएक्स नावाची जोडचिप विकायला ठेवली होती. ती विकत घेऊन शेजारच्या खोबणीत बसवली की काम होई. प्रत्यक्षात ही जोडचिप म्हणजे एक पिन जास्त असलेला अख्खा ४८६ होता. ती बसवली की ती आधीच्या प्रोसेसरला झोपवून सगळा कारभार स्वतःच्या हाती घेत असे. म्हणजे ग्राहक आधी बंद केलेला प्रोसेसर विकत घेई, आणि मग त्याला कायमचा बंद करणारा दुसरा.

पुण्यात जन्मलेला एक धागा

या गोष्टीत आपल्या गावाचा एक धागा आहे. १९९३ मध्ये इंटेलने पेंटियम आणला. त्या प्रकल्पाचे नेतृत्व करणाऱ्यांत विनोद धाम होते, ज्यांना पुढे पेंटियमचे जनक म्हटले जाऊ लागले. त्यांचा जन्म पुण्याचा. दिल्लीत अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन ते अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात शिकायला आले. १९९५ मध्ये इंटेल सोडून ते नेक्सजेन या लहानशा कंपनीत गेले. ती कंपनी लगेचच एएमडीने विकत घेतली, आणि नेक्सजेनमध्ये तयार होत असलेल्या आराखड्यातून १९९७ मध्ये एएमडीचा के६ हा प्रोसेसर बाहेर पडला. पेंटियम घडवणाऱ्या माणसाचाच हात आता पेंटियमच्या प्रतिस्पर्ध्याला लागला होता.

के६ चे दोन गुण होते. तो स्वस्त होता, आणि पेंटियमच्याच खोबणीत बसत असे. जुना मदरबोर्ड ठेवून फक्त प्रोसेसर बदलावा, ही काटकसरी माणसाची सोय त्याने केली. त्याच वर्षी कॉम्पॅकने सायरिक्सचा प्रोसेसर घालून हजार डॉलरच्या आतला पीसी आणला. इंटेलला खालच्या बाजारात घाम फुटू लागला. एप्रिल १९९८ मध्ये त्यांनी घाईने उत्तर काढले, ते म्हणजे पहिला सेलेरॉन, २६६ मेगाहर्ट्झचा. पेंटियम टूमधली दुसऱ्या पातळीची कॅश काढून टाकली की हा तयार झाला. कॅश म्हणजे प्रोसेसरच्या हाताशी असलेली छोटी, वेगवान मेमरी. मिसळणाचा डबा ओट्यावर असावा तशी ती. डबाच नसेल तर चिमूटभर हळदीसाठीही दर वेळी कोठीच्या खोलीत जावे लागते. पहिला सेलेरॉन तसाच रखडला आणि परीक्षकांनी त्याची यथेच्छ खिल्ली उडवली.

ती चूक सुधारताना इंटेल दुसऱ्या टोकाला गेली. ऑगस्टमधल्या ३००ए मध्ये त्यांनी १२८ किलोबाइटची कॅश दिली, पण ती थेट प्रोसेसरच्या तुकड्यावरच कोरली. ती प्रोसेसरच्या पूर्ण वेगाने चाले. महागड्या पेंटियम टूची कॅश चौपट मोठी होती, ५१२ किलोबाइटची, पण ती वेगळ्या चिपवर होती आणि निम्म्या वेगाने चाले. मोठा डबा कोठीच्या दाराशी, छोटा डबा हाताशी, असा हा मामला होता. पुष्कळ कामांत छोट्या डब्यानेच बाजी मारली.

चिकटपट्टीची करामत

प्रोसेसरचा वेग दोन आकड्यांच्या गुणाकाराने ठरतो: मदरबोर्डचा ठोका आणि प्रोसेसरचा गुणक. ३००ए चा गुणक होता साडेचार, आणि ठोका ६६ चा. साडेचार गुणिले ६६ म्हणजे ३००. गुणक कारखान्यातच कुलूपबंद केलेला होता. या कुलपामागे एक रास्त कारणही होते. काही ठग प्रोसेसरवरचा आकडा खरवडून त्यावर मोठा आकडा छापत आणि बेसावध गिऱ्हाइकाला चढ्या भावाने विकत. ओव्हरक्लॉकिंग करणारा माणूस आपल्या मशीनमध्ये जे उघडपणे करतो, तेच हे लोक दुसऱ्याला फसवण्यासाठी करत होते. गुणकाला कुलूप घातले की हा धंदा अवघड होई.

पण ठोक्याला कुलूप नव्हते. १९९८ च्या एप्रिलमध्येच इंटेलने ४४०बीएक्स नावाचा चिपसंच आणला होता, आणि त्यावरचे मदरबोर्ड नव्या पेंटियम टूसाठी १०० चा ठोका देत. साडेचार गुणिले १०० म्हणजे ४५०. तीनशेचे साडेचारशे झाले ते असे. एबिट या तैवानी कंपनीचा बीएच६ हा बोर्ड घेतला तर खोके उघडायचीही गरज नव्हती, बायॉसच्या पानावर ६६ च्या जागी १०० निवडले की झाले. दुसऱ्या काही बोर्डांवर ठोका आपोआप ठरत असे. सेलेरॉनच्या कडेवरचा बी२१ नावाचा एक संपर्कबिंदू बोर्डला सांगे, की मी ६६ वाला आहे. लोकांनी त्या बिंदूवर चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावला किंवा नेलपॉलिशचा थेंब दिला. बिंदू झाकला गेला, बोर्डला वाटले १०० वालाच आला आहे. पाचशे डॉलरचा फरक नेलपॉलिशच्या एका थेंबाने मिटला.

अर्थात सगळे इतके सोपेही नसे. वेग वाढला की उष्णता वाढते. प्रोसेसर अडखळू लागला तर त्याला थोडा जास्त व्होल्टेज द्यावा लागे, आणि उष्णता तर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात चढते. म्हणजे व्होल्टेज दहा टक्के वाढवला तर उष्णता वीस टक्क्यांहून अधिक वाढते. मग मोठा ॲल्युमिनियमचा पंखेदार ठोकळा, त्याखाली उष्णतावाहक मलम, आणि तेवढ्याने नाही भागले तर खोक्याची बाजू उघडून समोर टेबलफॅन, असे उपाय चालत. मग रात्रभर मशीनला कठीण काम लावून ठेवायचे. सकाळी पडदा निळा दिसला नाही तर गड जिंकला. ४५० जमलेच नाही तर ८३ चा ठोका लावून पावणेचारशेवर समाधान मानायचे. वॉरंटी तर पहिल्याच दिवशी जाई. शिवाय एक धोका न दिसणारा होता: मशीन बंद पडत नाही, पण एखादा हिशेब गुपचूप चुकतो. म्हणून खेळासाठी ओव्हरक्लॉकिंग ठीक, कुणाच्या पगाराच्या हिशेबासाठी नाही, हे जाणकार तेव्हाही सांगत.

लॅमिंग्टन रोड ते बर दुबई

हा काळ आपल्यातल्या पुष्कळांच्या आयुष्यातल्या मोठ्या वळणाचा होता. वायटूकेच्या कामाची धूम चालू होती. १९९८ च्या कायद्याने अमेरिकेने एच-वन-बी व्हिसांची वार्षिक मर्यादा ६५,००० वरून १,१५,००० वर नेली, आणि पुण्या-मुंबईची असंख्य मुले-मुली एकेक सूटकेस घेऊन न्यू जर्सी, टेक्सस, कॅलिफोर्नियात उतरली. दिवसभर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर काम करायचे, आणि घरी मात्र स्वतःचा कॉम्प्युटर नाही, अशी अनेकांची स्थिती. तयार ब्रँडेड मशीन महाग. मग सनीव्हेलला सुरू झालेल्या फ्राइजसारख्या दुकानात सुटे भाग मिळतात याचा शोध लागे. लंडनकरांना टॉटनहॅम कोर्ट रोड होता, आखातातल्या मंडळींना बर दुबईतला खालिद बिन अल वलीद रोड, सिंगापूरकरांना सिम लिम स्क्वेअर.

आणि जे मुंबईहून आले होते त्यांना हे काही नवे नव्हते. त्यांनी लॅमिंग्टन रोड पाहिला होता. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलेले असले तरी कॉम्प्युटरचे भाग घ्यायला जाणारा माणूस ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडच विचारायचा. भारतात तेव्हा आयात शुल्क भारी होते. १९९७ मध्ये भारताने जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती-तंत्रज्ञान करारावर सही केली, पण शुल्क शून्यावर यायला २००५ उजाडले. त्यामुळे ब्रँडेड पीसी मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेर आणि ‘असेम्बल्ड’ हाच घरोघरचा कॉम्प्युटर. असेम्बल्ड हा शब्द मराठीत असा रुळला, की तो कॉम्प्युटरच्या एका जातीचेच नाव झाला. ओळखीतला एखादा जाणता मुलगा, वहीच्या पानावर लिहिलेली भागांची यादी, चार दुकानांत भावाची चौकशी, पक्के बिल हवे की कच्चे, हा संवाद, आणि संध्याकाळी टॅक्सीत मांडीवर मॉनिटर घेऊन घर. परदेशात आल्यावर दुकाने बदलली, यादी तीच राहिली.

या यादीमुळे हातात एक विद्या येत होती. कोणता भाग काय काम करतो, कुठे पैसे वाचवले तर चालतात, कुठे नाही, हे कळत होते. वीजपुरवठ्याच्या डब्यात कंजुषी केली तर सगळेच जळते. प्रोसेसरवर वाचवलेले पैसे मेमरीत किंवा व्हूडू टूसारख्या ग्राफिक्स कार्डात घातले तर मशीनचा चेहरामोहरा बदलतो. ३००ए ने त्या विद्येत भर घातली: छापलेला आकडा हा शेवटचा शब्द नव्हे, तो तपासून पाहता येतो.

पेन्सिल, चौथा गाभा आणि पन्नास डॉलरचे कार्ड

यानंतर दशकभर ही लपाछपी रंगली. जून २००० मध्ये एएमडीने ड्युरॉन हा स्वस्त प्रोसेसर आणला. त्याच्या पृष्ठभागावर एल१ नावाचे काही बारीक सेतू होते, ते तोडले की गुणकाला कुलूप लागे. ग्रॅफाइटमधून वीज वाहते, हे शाळेतले ज्ञान इथे कामी आले. साध्या पेन्सिलीने ते तुटलेले सेतू रेघ मारून जोडले की कुलूप उघडे. ६०० चा ड्युरॉन ९०० च्या घरात पोचू लागला. २००१ च्या अॅथलॉन एक्सपीमध्ये कंपनीने त्या सेतूंच्या मधोमध लेझरने खड्डेच पाडले, म्हणजे पेन्सिलीची रेघ पलीकडे पोचू नये. मग लोकांनी खड्डे बुजवून वर चांदीचा रंग द्यायला सुरुवात केली.

२००६ च्या जुलैत आलेला इंटेलचा कोअर टू ड्युओ ई६३०० हा १८३ डॉलरचा प्रोसेसर १.८६ गिगाहर्ट्झचा होता. ठोका २६६ वरून ४०० केला की तो २.८ वर जाई, आणि बहुतेक वेळा जाई. २००९ मध्ये एएमडीच्या फेनम टू एक्स३ ७२० मध्ये तीन गाभे होते. खरे तर चिपवर चार गाभे कोरलेले होते, त्यांतला एक बंद. काही चिपांत तो खरोखर सदोष होता, काहींत तो ठणठणीत असूनही केवळ तीन गाभ्यांचा माल पुरा करायचा म्हणून झोपवलेला. योग्य मदरबोर्डवर बायॉसमधली एक सोय वापरली की चौथा गाभा जागा होई. कधी टिके, कधी नाही. लॉटरीच होती, पण तिकीट फुकट होते.

२०१० मध्ये इंटेलने जे केले ते सर्वांत बोलके होते. पेंटियम जी६९५१ हा प्रोसेसर घालून काही मशीन विकली गेली आणि त्यासोबत दुकानात पन्नास डॉलरचे एक कार्ड ठेवले गेले. कार्ड खरवडून आतला संकेत टाइप केला, की त्याच प्रोसेसरमधली बंद ठेवलेली कॅश आणि हायपरथ्रेडिंग जागे होत. इतकी वर्षे जे पडद्याआड होते ते आता छापील किंमतीसह समोर आले. ग्राहकांचा सूर फारच तिखट होता, आणि पुढच्या वर्षी ही योजना गुंडाळली गेली.

पण त्याच २०११ च्या जानेवारीत मोठे दार बंद झाले. इंटेलच्या सँडी ब्रिज पिढीत मूळ ठोका मशीनच्या जवळजवळ सगळ्याच भागांना जोडला गेला. तो चार-पाच टक्क्यांहून अधिक वाढवला की यूएसबी, डिस्क सगळेच गडबडू लागे. याला अभियांत्रिकीचे कारण होते. मात्र गुणक खुला हवा असेल तर नावात ‘के’ असलेला महाग प्रोसेसर घ्या, आणि त्यासोबत महाग चिपसंचाचा बोर्डही घ्या, हा निर्णय बाजाराचा होता. ३००ए ची सारी गंमत ही होती, की स्वस्त घेऊन महागाचे काम करून घ्यायचे. आता ओव्हरक्लॉकिंगची परवानगीच महागड्या मालासोबत मिळू लागली. काटकसरीची युक्ती होती, ती चैनीची वस्तू झाली.

मध्येमध्ये झुळका आल्या. २०१४ मध्ये पेंटियम या नावाला वीस वर्षे झाली म्हणून इंटेलने ७२ डॉलरचा, खुल्या गुणकाचा जी३२५८ काढला. ३.२ गिगाहर्ट्झचा हा प्रोसेसर सव्वाचार-साडेचारपर्यंत आरामात जाई. २०१५ च्या अखेरीस काही बोर्ड कंपन्यांनी ‘के’ नसलेल्या प्रोसेसरचाही ठोका वाढवण्याची वाट शोधली. काही महिन्यांत नव्या बायॉसमधून ती सोय काढून घेतली गेली. १९८६ ची तीच गोष्ट, तीस वर्षांनी. २०१७ मध्ये एएमडीने आपल्या पहिल्या पिढीतल्या सर्व रायझन प्रोसेसरांचे गुणक खुले ठेवले आणि मध्यम किंमतीच्या बोर्डांवरही मुभा दिली, तेव्हा काटकसरी जोडणाऱ्यांना पुन्हा जरा बरे दिवस आले.

फट कुणी भरली

सगळा दोष कुलपांना देणे मात्र बरोबर नाही. ३००ए च्या काळात छापलेला वेग आणि खरी कुवत यांत दीडपटीचे अंतर असू शकत होते. २००४-०५ च्या सुमारास उष्णतेने ती वाट रोखली. ट्रान्झिस्टर लहान केले की वीज कमी लागायची, हा जुना नियम चालेनासा झाला. इंटेलने त्याच सुमारास आपला अतिवेगवान प्रोसेसरचा पुढचा आराखडा सोडून दिला आणि उद्योग एकाहून अधिक गाभ्यांकडे वळला. २००८ पासून प्रोसेसर स्वतःच स्वतःचे तापमान मोजून वेग वाढवू लागले. आज बाजारात येणारा प्रोसेसर कारखान्यातूनच आपल्या मर्यादेच्या अगदी जवळ धावत येतो. हाताने वेग वाढवून चार-पाच टक्के मिळाले तर मिळाले, आणि विजेचे बिल मात्र त्याहून जोरात वाढते.

म्हणून आज जो कमी खर्चात मशीन जोडतो, त्याचा हिशेब उलटा असतो. तो व्होल्टेज वाढवत नाही, कमी करतो, म्हणजे तोच वेग कमी उष्णतेत आणि कमी आवाजात मिळतो. तो एक पिढी जुना प्रोसेसर घेतो, कंपन्यांनी काढून टाकलेली ऑफिसची मशीन घेऊन त्यात ग्राफिक्स कार्ड घालतो. पण आकडा तपासून पाहायची सवय तीच.

राहिला सुरुवातीचा प्रश्न, उरलेली कुवत कोणाची? कंपनीची बाजू कमकुवत नाही. प्रतवारीमुळेच दीडशे डॉलरचा प्रोसेसर मिळतो. सगळे एकाच भावाने विकायचे ठरले तर तो भाव दीडशे नसेल. आणि ज्याने ३०० चा आकडा पाहून ३०० ची किंमत मोजली, त्याची फसवणूक झाली असे म्हणता येणार नाही. दुसरी बाजू अशी, की घरी आणलेल्या वस्तूवर चिकटपट्टी लावायला कुणाची परवानगी लागत नव्हती. धोका घेणाऱ्याचा, नुकसान झाले तर त्याचेच, आणि फायदा झाला तर तोही त्याचाच. १९९८ च्या त्या व्यवहारात हा तोल होता. कुलूप होते, पण ते वस्तूतच होते आणि वस्तू आपल्या टेबलावर होती.

आता कुलूप दुसरीकडे गेले आहे. २०१६ मध्ये टेस्लाने मॉडेल एसचा एक स्वस्त प्रकार विकला, नाव ६०. आत बॅटरी मात्र ७५ किलोवॅट-तासांची होती, फक्त सॉफ्टवेअरने ती ६० वर रोखलेली. जादा पैसे भरले की उरलेली मोकळी होई. ही ४८६एसएक्सचीच पुढची पिढी. सप्टेंबर २०१७ मध्ये इर्मा हे चक्रीवादळ फ्लोरिडावर चालून आले, लाखो लोक गाड्या घेऊन उत्तरेकडे निघाले, तेव्हा कंपनीने दूरवरून एक संदेश पाठवून तिथल्या अशा गाड्यांची रोखलेली क्षमता काही दिवसांसाठी खुली केली. अडचणीतल्या लोकांना त्याची मदत झाली, हे खरेच आहे. मुदत होती १६ सप्टेंबरपर्यंत. १७ तारखेला गाडीखालची बॅटरी आदल्या दिवशी होती तेवढीच होती. फक्त ती किती वापरायची हे ठरवणारा ठोका आता मालकाच्या घरात नव्हता, आणि चिकटपट्टी लावावी असा बिंदू त्याच्या हाताला लागत नव्हता.